वित्तविभागातून स्टार्टअपच्या सल्लागारापर्यंत: मधल्या टप्प्यांचा हिशेब

रोखप्रवाह (धागाकर्ता)

वित्तक्षेत्रात बरीच वर्षे काढलेल्या अनेकांना आता स्टार्टअप कंपन्यांचे सल्लागार व्हावे, जमल्यास संस्थापकांचे कोच व्हावे, असे वाटू लागले आहे. मीही त्याच वाटेने आलो आहे. सुरुवात कर्ज देणाऱ्या संस्थेत पतविश्लेषक म्हणून झाली. पुढे एका उत्पादक कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे रोकड आणि निधी सांभाळणाऱ्या विभागात, काम केले, नंतर त्याच कंपनीत विक्री आणि पुरवठा या दोन्हींची जबाबदारी आली, त्यानंतर लहान कंपन्यांना सल्ला देऊ लागलो आणि अगदी अलीकडे कोचिंगकडे वळलो. या प्रवासातून माझे एक मत बनले आहे आणि ते तपासून घेण्यासाठीच हा धागा काढत आहे. वित्तातून थेट सल्ल्याकडे उडी मारणाऱ्याच्या हाती अर्धीच सामग्री असते. परिचयपत्रात वाट चुकल्यासारखी दिसणारी मधली वर्षे, म्हणजे विक्री, भरती, पुरवठा आणि ग्राहकांच्या तक्रारी यांत गेलेली वर्षे, हीच पुढे सर्वांत जास्त कामाला येतात.

वित्ताने काय दिले, हे आधी नोंदवतो, कारण ते थोडे नाही. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. पण वाढत्या कंपनीत त्याचा नेमका अर्थ काय होतो, हे संस्थापकाला सहसा कोणी मांडून दाखवलेले नसते. समजा माल गोदामात 30 दिवस पडून राहतो, विक्रीनंतर ग्राहक 60 दिवसांनी पैसे देतो आणि पुरवठादार मात्र 20 दिवसांतच पैसे मागतो. म्हणजे प्रत्येक दिवसाच्या मालाचा खर्च 70 दिवस अडकून राहतो. हा खर्च दिवसाला 1 लाख असेल तर 70 लाख कायमचे धंद्यात गुंतलेले असतात, आणि विक्री दुप्पट झाली की 1 कोटी 40 लाख. नफ्याचे पत्रक उत्तम दिसत असतानाच पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसतात, ते यामुळे. अशा वेळी संस्थापक नवा गुंतवणूकदार शोधायला निघतो. वास्तविक ग्राहकाकडून आगाऊ रकमेचा एक हप्ता घेतला, किंवा पुरवठादाराशी बोलून मुदत 20 ची 45 दिवस करून घेतली, तर बराचसा प्रश्न कंपनीतल्या कंपनीतच सुटतो आणि हिस्सा विकावा लागत नाही. ताळेबंद वाचता येणाऱ्याला हे काही मिनिटांत दिसते.

आता जे वित्ताने दिले नाही, त्याविषयी. कर्ज देणाऱ्याला सर्व काही सुरळीत झाले तर व्याज मिळते आणि बिनसले तर मुद्दल जाते. त्याचा फायदा व्याजापुरताच मर्यादित असतो, तोटा मात्र अख्ख्या मुद्दलाइतका होऊ शकतो. त्यामुळे त्याची नजर आपोआप ‘हे का बुडेल’ या प्रश्नाकडे वळते, आणि त्याच्या कामात तेच योग्यही असते. स्टार्टअपमधील भागभांडवलाचे गणित वेगळे आहे. तिथेही जास्तीत जास्त तोटा गुंतवलेल्या रकमेइतका, पण फायद्याला वरची मर्यादा नाही. म्हणून अनेक बुडीत गुंतवणुकींची भरपाई एखादी यशस्वी कंपनी करू शकते. पतविश्लेषणात घडलेला माणूस ही सवय न बदलता सल्लागार झाला, तर तो प्रत्येक कल्पनेतील धोके अचूक सांगतो आणि संस्थापकाच्या हाती मात्र काहीच पडत नाही. मूल्यांकनाचेही तसेच आहे. भावी रोख प्रवाहांचे वर्तमान मूल्य काढण्याची पद्धत स्थिर कंपनीला चांगली लागू पडते. ज्या कंपनीचा पहिला ग्राहकसुद्धा अजून पक्का नाही, तिच्या बाबतीत जवळजवळ सगळे मूल्य अंदाजातील शेवटच्या वर्षापुढच्या गृहीतकात साठते, आणि मग आकडेमोड कितीही सुबक असली तरी ती आपल्याच अंदाजाला दिलेला आकड्यांचा पोशाख ठरते.

ही सवय मोडली ती विक्री-पुरवठ्याच्या वर्षांत. किंमत वाढवावी की नाही, हा प्रश्न कोष्टकात सोपा असतो. तीच वाढ जुन्या ग्राहकाला समोर बसून सांगायची वेळ आली, की त्या कोष्टकात कोणता रकाना नव्हता ते कळते. अपुऱ्या माहितीवर, मुदतीच्या आत निर्णय घ्यायचा आणि त्याचे परिणाम आपणच निस्तरायचे, हा अनुभव विश्लेषकाच्या खुर्चीत मिळत नाही.

येथील सदस्यांपैकी जे या वाटेवर आहेत, किंवा दुसऱ्या बाजूला संस्थापक म्हणून ज्यांनी असे सल्लागार नेमले आहेत, त्यांचे मत ऐकायला आवडेल. सल्लागार आणि कोच या दोन भूमिका एकाच व्यक्तीने कराव्यात का, हाही प्रश्न आहेच. त्यावर माझे मत पुढे मांडतो.

ताळेबंद

लेख आवडला, परंतु मुख्य मुद्दा पूर्णपणे पटला नाही. आपण मधल्या वर्षांना जवळजवळ अनिवार्य ठरवत आहात. मी अनेक लहान कंपन्यांसाठी अंशकालीन वित्तप्रमुखाचे काम करतो आणि आयुष्यात कधी विक्री केलेली नाही. माझ्याकडे येणाऱ्या संस्थापकाला किंमत ठरवण्याचे धैर्य नको असते. त्याला पुढील 18 महिन्यांचा रोख अंदाज, कर आणि वैधानिक विवरणपत्रांची शिस्त, आणि गुंतवणूकदारापुढे ठेवता येईल असा आकड्यांचा आणि कागदपत्रांचा नीट लावलेला संच हवा असतो. हे काम वित्ताचा माणूसच करू शकतो आणि त्यासाठी त्याने भलत्या विभागांत वर्षे घालवण्याची गरज नाही.

दुसरे असे की, या क्षेत्रातील सर्वांत ख्यातनाम कोच वित्तातून आलेलाच नव्हता. बिल कॅम्पबेल हे कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. तेथून जाहिरात, मग कोडॅक, 1983 मध्ये अॅपल, पुढे इन्ट्यूट या हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुखपद, आणि त्यानंतर गूगलच्या नेतृत्वाचे कोच असा त्यांचा प्रवास झाला. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले तोवर सिलिकॉन व्हॅलीतील कितीतरी कंपन्यांच्या प्रमुखांनी त्यांचा सल्ला घेतला होता. म्हणजे वित्त ही पूर्वअट नाही, आणि वित्त असेल तर इतर काही अनिवार्य आहे असेही नाही.

रोखप्रवाह (धागाकर्ता)

ताळेबंदजी, आपण करता ते काम मोलाचे आहे, पण त्याला मी सल्ला म्हणणार नाही. ती सेवा आहे, आणि तिची व्याप्ती स्पष्ट असल्यामुळेच ती चांगली होते. अडचण तेव्हा सुरू होते जेव्हा तोच संस्थापक आकडे बाजूला ठेवून विचारतो की विक्रीप्रमुखाला काढू का. त्या क्षणी आपल्याला ‘हा माझा विषय नाही’ असे म्हणता आले पाहिजे, अन्यथा तो विषय आपला असला पाहिजे.

कॅम्पबेल यांच्या उदाहरणाबद्दल आभार, कारण ते माझ्याच बाजूने बोलते असे मला वाटते. त्यांनी मैदानातून थेट कोचिंगच्या खुर्चीत उडी घेतली नाही. मध्ये विपणन होते, विक्री होती आणि इन्ट्यूटचे प्रमुखपद होते. वित्ताच्या बाजूचे उदाहरण हवे असेल तर जॉर्ज दोरियो यांचे घ्यावे. फ्रान्समध्ये जन्मलेला हा माणूस 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमधील एका गुंतवणूक पेढीत होता. तेथून तो हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयात कारखानदारी आणि व्यवस्थापन शिकवायला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकन सैन्याच्या साधनसामग्रीच्या संशोधन-नियोजनाचे काम पाहिले. नव्या कंपन्यांत भांडवल घालण्यासाठी 1946 मध्ये उभ्या राहिलेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचे नेतृत्व त्यानंतर आले. त्याच संस्थेने 1957 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या नव्या संगणक कंपनीत 70,000 डॉलरचे भागभांडवल घातले, आणि आधुनिक व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या कंपन्यांतील जोखमीच्या गुंतवणुकीचा, इतिहास सांगताना आजही तोच व्यवहार पुढे ठेवला जातो. दोरियो कंपन्यांच्या संस्थापकांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवून असत. पेढीतून बाहेर पडल्यावरची वर्षे वगळली असती तर ते एक हुशार विश्लेषक राहिले असते, इतकेच.

वाटसरू

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा आहे. दोन कंपन्या काढल्या. पहिली विकली, दुसरी चालू आहे. संस्थापकाला वित्ताचा माणूस नेमका कुठे लागतो, हे माझ्या बाजूने सांगतो, कारण वरील चर्चेत गुंतवणूक कराराचा विषय राहून गेला आहे.

पहिल्यांदा पैसे उभारणारा संस्थापक फक्त मूल्यांकनाचा आकडा पाहतो, आणि कराराचे दात दुसरीकडे असतात. समजा गुंतवणूकदाराने 20 कोटी घालून 25 टक्के हिस्सा घेतला. पुढे कंपनी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही आणि 40 कोटींना विकली गेली. संस्थापकाच्या डोक्यात हिशेब असतो की 25 टक्के म्हणजे 10 कोटी त्यांचे, 30 कोटी आमचे. परंतु करारात गुंतवलेल्या रकमेइतका परतफेडीचा अग्रहक्क असेल तर गुंतवणूकदार 10 ऐवजी आपले 20 कोटी घेतो आणि उरतात 20. आणि तो अग्रहक्क सहभागाच्या अटीसह असेल, तर तो आधी 20 कोटी घेतो, वर उरलेल्या 20 कोटींचे 25 टक्के, म्हणजे आणखी 5 कोटी. संस्थापक आणि कर्मचारी यांच्या वाट्याला 15 येतात. मूल्यांकन तेच, टक्केवारी तीच, हातात येणारी रक्कम 30 ऐवजी 15.

दुसरे उदाहरण सेफ कराराचे, म्हणजे पैसे आज घ्यायचे आणि समभाग गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत द्यायचे अशा कराराचे. वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपना सुरुवातीचे भांडवल देणाऱ्या अमेरिकन संस्थेने 2013 च्या अखेरीस हा सुटसुटीत नमुना आणला आणि 2018 मध्ये तो गुंतवणूकोत्तर, म्हणजे या करारांतून आलेली रक्कम धरून काढलेल्या, मूल्यांकनाच्या आधारावर बदलला. सुटसुटीतपणामुळेच त्यावर पटापट सह्या होतात. एकाला 10 टक्के, दुसऱ्याला 10, तिसऱ्याला 5 इतका हिस्सा ठरला, तर समभाग अजून दिलेच नसल्यामुळे संस्थापकाला आपण 100 टक्के मालक आहोत असे वाटत राहते. प्रत्यक्षात पुढच्या फेरीच्या दारात तो 75 वर उभा असतो, आणि त्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराने 20 टक्के घेतले की 60 वर. कर्मचाऱ्यांसाठी राखीव ठेवायचा हिस्सा तर मी अजून धरलेलाही नाही.

हे ज्याने मला सही करण्यापूर्वी कागदावर मांडून दाखवले तो वित्ताचाच माणूस होता, आणि त्याचे मी नक्कीच देणे लागतो. पण धागाकर्त्यांच्या मुद्द्याला दुजोरा असा की, त्याच माणसाचे भरतीविषयीचे सल्ले मी नम्रपणे ऐकून सोडून देत असे. तो प्रत्येक पदाकडे खर्चाचा रकाना म्हणून पाहायचा. पहिल्या दहा कर्मचाऱ्यांपैकी एक जण चुकीचा निवडला गेला तर त्याची किंमत पगाराच्या कित्येक पट असते आणि ती कोणत्याही पत्रकात दिसत नाही.

निरीक्षक

सल्लागार आणि कोच यांच्यातील फरकावर कोणी बोललेले नाही म्हणून लिहितो. मी प्रशिक्षित कोच आहे. त्यापूर्वी मनुष्यबळ विभागात होतो.

सल्लागाराकडे माणूस उत्तरासाठी येतो. कोचकडे तो बहुधा उत्तर माहीत असूनच येतो, मात्र ते अमलात आणता येत नसते, किंवा दोन उत्तरांपैकी एक निवडण्याची किंमत त्याला स्वतःशी कबूल करायची नसते. या व्यवसायाची बरीचशी मुळे क्रीडाक्षेत्रात आहेत. टिमोथी गॅलवी हे टेनिसचे प्रशिक्षक होते. खेळाडूला सतत सूचना देण्यापेक्षा त्याचे लक्ष चेंडूकडे वळवले तर तो स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो, असे त्यांनी 1970 च्या दशकात मांडले. ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर, जे आधी मोटारशर्यतीत उतरत असत, आणि त्यांचे सहकारी यांनी हाच विचार 1980 च्या दशकात कंपन्यांत नेला. ध्येय, वास्तव, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची सर्वपरिचित ग्रो पद्धत त्यातूनच रूढ झाली. 1995 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोच संघटनेची, म्हणजे आयसीएफची, प्रमाणपत्रे आज सर्वाधिक ओळखली जातात. पहिल्या पातळीला 60 तासांचे प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव, दुसऱ्या पातळीला 125 आणि 500, तर सर्वोच्च पातळीला 200 आणि 2500 तास लागतात. पहिल्या पातळीपासून सर्वोच्च पातळीपर्यंत प्रशिक्षणाचे तास तिपटीहून थोडे अधिक होतात आणि अनुभवाचे पंचवीसपट, यावरूनच या कामात काय महत्त्वाचे मानले जाते ते दिसावे.

वित्तातून आलेल्या माझ्या सहाध्यायांना सर्वांत जड जाते ते गप्प बसणे. समोरचा माणूस बोलत असताना त्यांना रोकड किती महिन्यांची उरली आहे ते केव्हाच उमगलेले असते आणि ते सांगण्यासाठी जीभ वळवळत असते. सल्ल्याच्या बैठकीत ते सांगायलाच हवे. कोचिंगच्या बैठकीत मात्र तेच ज्ञान प्रश्नात उतरवावे लागते: “गुंतवणूक आली नाही तर कोणत्या महिन्यात तुम्हाला निर्णय घ्यावा लागेल, आणि तो निर्णय तुम्ही आज का घेत नाही?” या प्रश्नाचे उत्तर संस्थापकाने स्वतःच्या तोंडून दिले की त्याची अंमलबजावणी होते, आपण दिले तर त्यावर वाद होतो.

आणखी एक सावधगिरी. संस्थापकाची झोप उडालेली असेल, नैराश्याची लक्षणे दिसत असतील, तर कोचने आपली मर्यादा ओळखून त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे. प्रमाणपत्र कितीही मोठे असले तरी ते उपचाराचा परवाना नसते.

ताळेबंद

निरीक्षकजी, आपले विवेचन पटले. पण प्रत्यक्षात लहान कंपनीला दोन वेगळी माणसे परवडत नाहीत. मग एकाच व्यक्तीने दोन्ही केले तर बिघडते कुठे?

रोखप्रवाह (धागाकर्ता)

बिघडते ते मोबदल्यात. सल्लागाराला बहुतेकदा समभागांत मोबदला मिळतो. फाउंडर इन्स्टिट्यूट या संस्थापकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने प्रसृत केलेला नमुना करार पाहिला तर सल्लागाराचा हिस्सा साधारणपणे 1 टक्का किंवा त्याहून कमी असतो, तो 2 वर्षांत महिन्यामहिन्याने हाती येतो आणि पहिले 3 महिने पूर्ण होण्याआधी वेगळे झाल्यास काहीच मिळत नाही. कर्मचाऱ्यांसाठी रूढ असलेल्या 4 वर्षे आणि 1 वर्षाच्या क्लिफपेक्षा (क्लिफ म्हणजे जिच्याआधी सोडल्यास काहीच मिळत नाही ती मुदत) ही मुदत कमी ठेवण्यामागे कारण आहे: सल्लागाराचा उपयोग कंपनीच्या एका विशिष्ट टप्प्यापुरता असतो आणि त्यानंतर दोघांनाही सन्मानाने मोकळे होता आले पाहिजे.

हिस्सा असलेल्या सल्लागाराचे हित कंपनीच्या मूल्यात असते, आणि तेथवर ते योग्यच आहे. परंतु तोच माणूस कोचही असेल आणि संस्थापक त्याच्यापुढे बसून म्हणाला की मला ही कंपनी आता चालवायची नाही, तर त्या कोचच्या टक्क्याचे काय? तो मनापासून तटस्थ राहीलही, पण त्याच्या तटस्थतेवर संस्थापकाने विसंबावे का, हा प्रश्न उरतो. म्हणून मी कोचिंगचे शुल्क फक्त रोखीत घेतो, आणि ज्या कंपनीत माझा हिस्सा आहे तिच्या संस्थापकाचे कोचिंग करीत नाही. दोन माणसे परवडत नसतील तर एकाच माणसाकडून एकच काम घ्यावे. दुसरी भूमिका काही काळ रिकामी राहिली तरी चालेल.

गुंतवणूकदाराने शुल्क भरून नेमलेला कोच हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. तिथे बैठकीत काय बोलले गेले ते गुंतवणूकदाराला कळणार नाही, अशी अट तिघांच्या सहीने लेखी असावी. तोंडी आश्वासनावर संस्थापक मोकळेपणाने बोलत नाही आणि तो बोलत नाही हे कोचला बऱ्याच उशिरा कळते.

मितभाषी

मी लेखापरीक्षणात आहे, वय तिशीच्या पुढे. सल्लागार व्हायचे आहे. आता लगेच कोचिंगचा अभ्यासक्रम करावा, की नोकरी बदलावी?

वाटसरू

मितभाषी, संस्थापक म्हणून सांगतो: प्रमाणपत्र पाहून मी कोणाला नेमलेले नाही. एखाद्या वाढत्या कंपनीत वित्तविभागातच जा, पण अशा ठिकाणी की जिथे माणसे कमी असल्यामुळे वित्ताबरोबर खरेदी किंवा भरतीही तुमच्या गळ्यात पडेल. पगार कमी मिळण्याची शक्यता आहे, त्याची घरच्या पातळीवर आधी तयारी करा.

निरीक्षक

सहमत. फक्त एक भर घालतो. कोचिंगचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळूनही होतो, आणि व्यवसाय म्हणून न करता केवळ ऐकण्याचे वळण लागावे म्हणून केला तरी तो वाया जात नाही. लेखापरीक्षकाला प्रश्न विचारण्याची सवय असतेच. मात्र ते प्रश्न पुरावा मिळवण्यासाठी असतात, आणि समोरच्याला ते चौकशीसारखे वाटतात. तेवढे बदलावे लागेल.

रोखप्रवाह (धागाकर्ता)

मितभाषी, वाटसरूंनी सांगितले त्यापेक्षा वेगळे मी सांगणार नाही, पण नोकरी निवडताना मुलाखतीत एक गोष्ट जरूर विचारा: या पदावरील माणूस कोणता निर्णय कोणाच्याही सहीशिवाय घेऊ शकतो? उत्तर ‘कोणताही नाही’ असे आले तर पदाचे नाव काहीही असो, ती विश्लेषकाचीच खुर्ची आहे. पुरवठादाराची मुदत ठरवणे, ठरावीक मर्यादेपर्यंत सूट देणे, आपल्या गटात माणूस घेणे, यांपैकी एक जरी निर्णय खरोखर तुमचा असेल तर ती नोकरी घ्या.

लेखापरीक्षणातून थेट सल्लागारीत येण्यात आणखी एक अडचण आहे, ती कामाच्या नियमांची. ज्या कंपनीचे तुम्ही लेखापरीक्षण करता तिच्यात हिस्सा घेणे किंवा तिच्या व्यवस्थापनाच्या निर्णयांत भाग घेणे लेखापरीक्षकाच्या स्वातंत्र्याच्या नियमांत बसत नाही. त्यामुळे सध्याच्या ग्राहकांपैकी कोणी ‘जरा सल्लागार म्हणून या’ असे म्हटले, तरी आधी आपल्या पेढीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.